२८६ मधला जुना एमएफएम कंट्रोलर आजच्या सिस्टिमवर चालवायचा आहे (नागपूर)

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. महालात आमच्या मोठ्या काकांचा छापखाना होता. तो कधीचाच बंद पडला, आता जागा रिकामी करून द्यायची आहे. माळ्यावरून बाकी पसाऱ्याबरोबर एक २८६ (जुना पीसी) निघालं. मदरबोर्डावरची बॅटरी पाझरून आजूबाजूचं तांबं पार हिरवं झालंय, तो बोर्ड काही आता उठत नाही. आतला ऐवज मात्र ठीकठाक दिसतो.

१६-बिट आयसा (जुन्या पीसीतले कार्ड लावायचे स्लॉट) हार्डडिस्क कंट्रोलर आहे, म्हणजे डिस्क चालवणारं कार्ड, एमएफएम पद्धतीचं, वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी१००३ घराण्यातला, फ्लॉपीची जोडणीही त्याच कार्डावर. त्याला लावलेली सीगेटची एसटी-२५१. शिवाय सी-डॅकचं जिस्ट कार्ड (पडद्यावर देवनागरी दाखवणारं), आणि अडॅप्टेकचं १५४२ स्कझी कार्ड. त्या स्कझीवर काकांचा स्कॅनर चालायचा.

काका म्हणतात डिस्कमध्ये लग्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल, एका मासिकाचा मजकूर असं बरंच मराठी आहे. ते मला काढायचंय. आणि खरं सांगायचं तर नुसता डेटा नाही, हा कंट्रोलर आजच्या लिनक्सवर चालताना बघायची खाजही आहे. घरी रायझनचा पीसी, त्यावर डेबियन १३. आयसा स्लॉट अर्थातच नाही. काय मार्ग?

पोहे_तर्री

बर्डीवर यूएसबी-आयडीई अ‍ॅडॉप्टर मिळतो. जुनी डिस्क त्यातून यूएसबीला लाव आणि मोकळा हो.

सर्किटकाका

अरे बाप्पा, थांब. काहून पोराले भलत्या वाटेले लावून राहिला? त्या अ‍ॅडॉप्टरले ४० पिना. एसटी-२५१ च्या मागं पाय, दोन पट्ट्या येतात: एक ३४ तारांची, एक २० तारांची. ३४ वाली हुकूम देते, २० वाली डेटा आणते. आयडीई नाही ते.

धंतोलीकर, आता नीट ऐक. आयडीई डिस्कमध्ये कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर असते. तुझ्या डिस्कमध्ये ते नाही. ही डिस्क फक्त डोकं पुढं-मागं सरकवते आणि चुंबकी ठोके जसेच्या तसे तारेवर सोडते, सेकंदाले ५० लाख बिट. सेक्टर कुठं सुरू झाला, कुठं संपला, नंबर काय, बरोबर वाचला का, हे डिस्कले ठाऊकच नाही. ते सगळं कार्ड ठरवते. फॉरमॅट करताना एका ट्रॅकवर १७ सेक्टर कार्डानं आखले. त्यांच्यामधली जागा, ओळखीच्या खुणा, तपासणीचे बाइट, सगळं त्या कार्डाच्या पद्धतीचं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावलं की बहुतेक वेळा तेच प्लॅटर वाचता येत नाही, डिस्क ठणठणीत असली तरी.

म्हणून पहिला नियम: ते कार्ड आणि ती डिस्क यांची ताटातूट करायची नाही. कार्ड एका पेटीत अन् डिस्क दुसऱ्या पेटीत, असं कबाड्याकडं गेलेलं किती सामान मी पाह्यलं. जोडी मोडली की संपलं.

दुसरं. डिस्कवर एक बाइट लिहायचा नाही. चेकडिस्क नाही, स्पिनराइट नाही, काहीच नाही. स्पिनराइट त्या काळी चांगलं काम करे, पण ते वाचून परत लिहिते. आपल्याले फक्त वाचायचं हाय.

धंतोलीकर

काका, लिहायचं नाही हे पटलं. पण चुकून काही लिहिलं जाऊ नये याची खात्री कशी करू? आजकालच्या सिस्टिमा न विचारता माउंट करतात.

सर्किटकाका

सोपं हाय. ३४ तारांच्या पट्टीत लाल कडा असलेली तार १ नंबर. तिथून मोजत ६ नंबरची तार म्हणजे राइट गेट. कार्ड ती खाली ओढते तेव्हाच डिस्क लिहिते. एक फालतूची पट्टी घे, ६ नंबरची तार मधोमध सोडवून कातरीनं काप, आणि टोकं एकमेकांले लागणार नाहीत अशी दुमडून टेप लाव. मग कोणतीही सिस्टिम काहीही करो, लिहिणं होतच नाही.

एकच अट. डिस्कवर टर्मिनेटरचा रेझिस्टर पॅक बसलेला पाह्यजे. तोच ती तुटकी तार वर ओढून धरतो. पॅक काढलेला असेल तर तार लोंबकळत राहील, मग काय होईल सांगता येत नाही.

आणि पट्टी फ्लॉपीची घेऊ नको. दोन्ही ३४ च्या असतात, दोन्हीले पीळ असतो, पण पीळ वेगळ्या तारांवर. फ्लॉपीचा पीळ १० ते १६, हार्डडिस्कचा २५ ते २९.

बिटवाली

६ नंबरची तार! मिहानमध्ये इतकी वर्षं स्टोरेजवर काम करते आहे, आमच्याकडे राइट-ब्लॉकरसाठी वेगळा डबा मागवतात. काका, दंडवत.

आता धंतोलीकरच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे आजची सिस्टिम. बातमी अर्धी चांगली आहे.

लिनक्समध्ये या कार्डांचा आधार अगदी पहिल्या दिवसापासून होता. १९९१ च्या ०.०१ आवृत्तीत डिस्कचा जो एकमेव ड्रायव्हर होता तो याच जातीच्या एटी कंट्रोलरसाठी. आता तो नाही. जुने ड्रायव्हर एकेक करून काढले गेले, आणि २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत जुनी आयडीई शाखाच संपूर्ण काढली. राहिलं ते लिबएटीए, डिस्कांशी बोलणारी नवी शाखा. त्यात आयसासाठी पाटा_लेगसी नावाचा ड्रायव्हर आहे आणि पोर्टही तेच आहेत, १एफ० ते १एफ७, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार) १४. कारण एटीए (आयडीईचंच औपचारिक नाव) हे मुळात डब्ल्यूडी१००३ च्याच रजिस्टरांवर उभं राहिलंय. तरी चालत नाही. लिबएटीए पहिला प्रश्न विचारतं, "तू कोण?", म्हणजे आयडेंटिफाय, ईसी नंबरची आज्ञा. डब्ल्यूडी१००३ च्या काळात ही आज्ञाच नव्हती. कार्ड ती नाकारतं, लिबएटीए म्हणतं इथे कोणी नाही, आणि पुढे जातं.

विंडोज ११ चं बोलूच नये. ३२-बिट आवृत्ती नाही, आणि ६४-बिटला सही केलेला ६४-बिट ड्रायव्हर हवा. तो या कार्डासाठी कोण लिहिणार?

नेटबीएसडी (लिनक्ससारखीच एक खुली सिस्टिम) मात्र अजून या कार्डाला ओळखतं. २०२४ मध्ये आलेली १० वी आवृत्ती म्हणजे आजचीच सिस्टिम झाली. त्यांच्या डब्ल्यूडी ड्रायव्हरमध्ये आयडेंटिफाय फसलं की हार मानत नाहीत. तिथे टिपणच आहे अशा अर्थाचं, की इथे डिस्क आहे हे आपल्याला "ठाऊक" आहे, तेव्हा ती जुनी असावी असं धरून चला. मग तो तिचं नाव एसटी५०६ ठेवतो आणि आकडे गृहीत धरतो: १०२४ सिलिंडर, ८ हेड, १७ सेक्टर.

तुला हवा एक ४४०बीएक्स चिपसेटचा पेंटियम-२ किंवा पेंटियम-३ बोर्ड. त्यावर आयसा स्लॉट असतात आणि नेटबीएसडी मजेत चालतं. बायोसमध्ये बोर्डावरची प्रायमरी आयडीई बंद कर, नाहीतर दोघंही १एफ० वर बसतील. फ्लॉपीही एकाच ठिकाणी चालू ठेव, बोर्डावर किंवा कार्डावर. नेटबीएसडीची डिस्क सेकंडरीवर लाव. आणि चिपसेटच्या पानावर १६-बिट आयओ रिकव्हरी टाइम वाढवून ठेव, जुन्या कार्डांना थोडी उसंत लागते.

अमरावतीहून

एवढा खटाटोप कशाला? बीगलबोन बोर्डावर चालणारा एमएफएम रीडर मिळतो, रचना खुली आहे, पीसीबी बनवून घेता येतो. तो थेट डिस्कला जोडायचा, कंट्रोलर नकोच. डिस्कमधून येणारे ठोके तो कच्चेच टिपून घेतो आणि कोणत्या कार्डाची आखणी आहे ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये शोधतो. आमच्याकडे एका एक्सटीची (२८६ च्या आधीच्या पीसीची) डिस्क होती, कार्ड हरवलेलं. तिचं इमेज (सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत) असंच निघालं. वर त्याच बोर्डाला उलटं वापरलं की तो स्वतः डिस्क असल्याचं सोंग करतो, म्हणजे जुन्या कार्डाला खरी डिस्क न जोडता तपासता येतं.

सर्किटकाका

हे बरोबर सांगितलं भाऊ. कार्ड नसेल तर दुसरा इलाजच नाही. पण ह्याच्याकडं कार्ड हाय, जोडी शाबूत हाय. आधी ते तर पाहू.

अमरावतीहून

काका, मान ठेवून सांगतो, माझं मत उलट आहे. डिस्क म्हातारी आहे, किती वेळ फिरेल सांगता येत नाही. कंट्रोलर बरोबर आहे का, केबल बरोबर आहे का, बोर्ड बरोबर आहे का, हे तपासत बसण्यात तिचे उरलेसुरले तास खर्च होतात. कच्चे ठोके एकदा टिपले की पुढचं सगळं डिस्क बंद ठेवून करता येतं. कंट्रोलर खराब सेक्टरवर फक्त "नाही" म्हणतो. कच्च्या नोंदीत तो सेक्टर अर्धामुर्धा तरी असतो.

बिटवाली

मुद्दा रास्त आहे. म्हणून कार्ड डिस्कशिवायच तपासायचं. सगळी जुळणी डिस्कची वायर न लावता करता येते.

बोर्डावर फ्रीडॉसची फ्लॉपी किंवा सीडी लावून डीबग उघड. "आय १एफ७" टाइप केलंस की स्टेटस रजिस्टर दिसतं. एफएफ आलं तर त्या पत्त्यावर कोणीच उत्तर देत नाही: कार्ड नीट बसलेलं नाही, जंपर दुय्यम पत्त्यावर आहे किंवा कार्ड मेलंय. दुसरं काही आलं तर कोणीतरी आहे. मग "ओ १एफ७ ९०", ही स्वतःची तपासणी करायची आज्ञा. त्यानंतर "आय १एफ१". उत्तर ०१ आलं तर कार्डाच्या मते सगळं ठीक. ०३ म्हणजे त्याचा सेक्टर बफर बिघडला, ०४ म्हणजे ईसीसीचं (चूक दुरुस्तीचं) सर्किट, ०५ म्हणजे त्याच्यावरचा प्रोसेसर. यातलं काहीच डिस्कला हात लावत नाही.

डिस्क जोडून ती वेगात आली की १एफ७ ला ५० दिसायला हवं, म्हणजे तयार आहे आणि डोकं जागेवर आहे.

कर्नलची तपासणी त्याहून आधी, ८६बॉक्समध्ये (जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा प्रोग्राम). त्यात ४४०बीएक्सचा बोर्ड आहे, एटीचा एमएफएम कंट्रोलरही आहे. ८२० सिलिंडर, ६ हेड, १७ सेक्टरची कोरी डिस्क बनव, नेटबीएसडी चढव, ती ओळखली जाते का बघ. क्यूईमू या तशाच प्रोग्राममध्ये हे जमत नाही, त्यात एसटी-५०६ (या जातीच्या डिस्कची जोडणी) नाही. मात्र ८६बॉक्समध्ये पास झालं म्हणजे झालं असं समजू नकोस. तिथली डिस्क कधी गरम होत नाही, तिचं डोकं कधी अर्ध्या ट्रॅकवर थांबत नाही, सीआरसी (तपासणीचे बाइट) कधी चुकत नाही. आज्ञांचा क्रम बरोबर आहे का, एवढंच तिथे कळतं.

वाचक_७७

धाग्यात थोडी घुसखोरी. माझ्याकडे कॉनरची जुनी ४० एमबीची डिस्क आहे, ती खरोखर आयडीई आहे, ४० पिनाच. तरी यूएसबी अ‍ॅडॉप्टरवर दिसत नाही. मेली का?

बिटवाली

मेलीच असेल असं नाही. त्या काळच्या छोट्या आयडीई डिस्कांना एलबीए (सेक्टरांना सलग नंबर द्यायची पद्धत) येत नाही, फक्त सिलिंडर-हेड-सेक्टरची भाषा कळते. बहुतेक यूएसबी ब्रिज एलबीएशिवाय बोलतच नाहीत. ज्या बोर्डावर खरी आयडीई जोडणी आहे असा एखादा पेंटियम-४ शोध आणि लिनक्सने बघ. लिबएटीएला ती जुनी भाषा, सीएचएस, अजून येते. डिस्क फिरते आहे पण डोकं हलत नाही असं असेल तर मग आतल्या रबराची शंका घे. काही डिस्कांमध्ये डोकं थांबायच्या जागी लावलेला रबर विरघळून चिकट होतो.

पोहे_तर्री

म्हणजे माझा अ‍ॅडॉप्टर कुठेच कामाचा नाही तर.

सर्किटकाका

तुझा अ‍ॅडॉप्टर नव्या डिस्कसाठी ठेव. आणि येताना कस्तुरचंद पार्कजवळचे पोहे घेऊन ये.

धंतोलीकर

बोर्ड मिळाला! एका ओळखीच्यांच्या गोदामात पडलेला ४४०बीएक्स, दोन आयसा स्लॉट. कार्ड बसवलं. १एफ७ वर एफएफ नाही. ९० ला उत्तर ०१. कार्ड जिवंत आहे!

६ नंबरची तार कापली, टर्मिनेटर पॅक डिस्कवर आहे (पिवळसर, सिंगल-लाइन पॅक, डिस्कच्या खालच्या बोर्डवर). मग डिस्क लावली. आधी काहीच नाही, मग हळूहळू शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि स्टेपर मोटरचा तो टर्रर्र आवाज आला. काका खोलीबाहेरून म्हणाले, "हां, हेच हेच." स्टेटस ५०.

नेटबीएसडी १० ने ओळखली, नाव एसटी५०६, बिटवालीताईंनी सांगितलं तसंच. एमबीआर (डिस्कचा पहिला सेक्टर) वाचला गेला, दोन पार्टिशन दिसतात. पण पुढे गोंधळ आहे. डीडी (सेक्टर जसेच्या तसे उतरवणारा प्रोग्राम) चालवला तर सुरुवातीचे सेक्टर सुरेख येतात आणि मग एररची रांग लागते, मग परत काही येतात, परत रांग. प्लॅटर गेलं का?

बिटवाली

पहिली एरर नेमकी कितव्या सेक्टरला येते?

धंतोलीकर

१०२. दर वेळी १०२.

बिटवाली

मग प्लॅटर गेलेलं नाही. ६ हेड गुणिले १७ सेक्टर म्हणजे १०२. शून्यापासून मोजलं तर ० ते १०१ हा पहिला सिलिंडर पूर्ण झाला. ड्रायव्हरने ८ हेड गृहीत धरलेत, म्हणून तो आता सातवं हेड मागतोय. ते या डिस्कला नाहीच. कार्ड ओळखीची खूण शोधतं, सापडत नाही, आणि आयडी सापडला नाही असं कळवतं. शिवाय पुढचं जे "नीट" येतंय तेही चुकीच्या जागचं आहे, ती इमेज टाकून दे.

खरे आकडे डिस्कलेबलमध्ये देता येतात, पण लेबल डिस्कवर लिहायला जाईल. तुझी तार कापलेली आहे म्हणून काही बिघडणार नाही, तरी ती वाट नको. सरळ ड्रायव्हरमधले ते तीन आकडे बदल: ८२०, ६, १७. कर्नल तुझ्या रायझनवरच बांध. नेटबीएसडीची बिल्ड स्क्रिप्ट लिनक्सवर चालते, हवी ती टूलचेन स्वतः बांधून घेते.

दोन पार्टिशन का, याचंही उत्तर देऊन टाकते. डॉसमध्ये तेव्हा एका पार्टिशनला ३२ एमबीची मर्यादा होती. ही डिस्क ४ कोटी २८ लाख २३ हजार ६८० बाइटची. म्हणून सी आणि डी.

सर्किटकाका

त्या एररच्या रजिस्टरकडं सगळ्यांनी ध्यान ठेवा, १एफ१. नुसतं "एरर आली" म्हणू नका. १० म्हणजे आयडी सापडला नाही: आकडे चुकले, नाहीतर डोकं ट्रॅकवर नाही. ४० म्हणजे सेक्टर सापडला पण आतला डेटा जुळत नाही. ०२ म्हणजे शून्य ट्रॅक सापडत नाही, डोकं अडकलं असेल. ०१ म्हणजे डेटाची सुरुवातीची खूण दिसली नाही. तीन-चार आकडे पाठ असले की अर्धं निदान बसल्या जागी होते.

धंतोलीकर

आकडे बदलून कर्नल बांधला, चालला. १०२ ची भानगड गेली. आता एरर येतात त्या विखुरलेल्या आहेत आणि बहुतेक आतल्या सिलिंडरांवर, म्हणजे ७०० च्या पुढे. १एफ१ वर कधी १०, कधी ४०. आणि गंमत म्हणजे दुपारी केलेल्या वाचनात जास्त, रात्री केलेल्यात कमी. हा काय प्रकार?

सर्किटकाका

कुठं ठेवली डिस्क?

धंतोलीकर

वरच्या खोलीत, कूलरसमोर.

सर्किटकाका

अरे बाबू! नवतपा सुरू हाय. बाहेर ४५-४६, वरची खोली म्हणजे तवा.

एसटी-२५१ ची डोकी स्टेपर मोटरवर चालतात. मोटर एक पाऊल टाकते, डोकं एक ट्रॅक सरकते. तिथं खरंच ट्रॅक आहे का, हे पाहून सुधारणा करायची सोय त्यात नाही. व्हॉइस कॉइलच्या डिस्कमध्ये सर्व्हो असते, ते ट्रॅक हुडकते. इथं आंधळा कारभार. धातू तापला की पसरतो, आणि डोकं ट्रॅकच्या मधोमध न पडता कडेवर पडते. फॉरमॅट ज्या तापमानाले झाला त्याच्या जवळपास वाचलं तरच नीट. काकांले विचार, छापखान्यात एसी होता का?

आणि कूलर बंद कर आधी. उघड्या कार्डावर ओली हवा मारून राहिला. कूलरच्या पाण्याचे क्षार बसतात पिनांवर.

धंतोलीकर

काकांना विचारलं. मशीनच्या खोलीत एसी होता, इमेज-सेटरसाठी (छपाईची फिल्म काढायचं मशीन) लावलेला. काका सांगतात ती खोली "थंडगार" असायची, आकडा त्यांना आठवत नाही.

अमरावतीहून

मग उत्तर मिळालं. एसीच्या खोलीत हलव, डिस्क सुरू करून तासभर नुसती फिरू दे, आतलं तापमान स्थिर झालं की वाच. आणि एकाच तापमानावर अडून राहू नकोस. एसी २२ वर एकदा, २६ वर एकदा, मिळेल ते जमा कर. डीडी नको, डीडीरेस्क्यू वापर. त्याच्या नोंदवहीत कोणते सेक्टर मिळाले ते राहतं, पुढच्या खेपेला फक्त उरलेलेच मागतो.

बिटवाली

आणि पहिल्या फेरीत खराब जागी घुटमळू देऊ नकोस. आधी सोपं सगळं काढून घे, हट्टी सेक्टर शेवटी. यूपीएसवर लाव, आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. एसटी-२५१ वीज गेल्यावर स्वतः डोकं पार्क करते म्हणून बरं. एसटी-२२५ वाल्यांनो, तुमची करत नाही, तिला बंद करण्याआधी पार्कचा प्रोग्राम चालवा.

वाचक_७७

पेंटियम-४ वर कॉनर दिसली! धन्यवाद ताई. आत काय आहे ते अजून बघितलं नाही, आधी इमेज काढतोय.

धंतोलीकर

अपडेट. भावाच्या एसीच्या बेडरूममध्ये सगळं मांडलं (वहिनीची परवानगी काढून). जवळजवळ सगळी डिस्क आली. डी पार्टिशन पूर्ण. सी मध्ये मोजकेच सेक्टर हट्टाला पेटलेत, ते डॉसच्या आणि फॉन्टच्या फायलींमध्ये आहेत, त्यांची गरज नाही.

इमेज लिनक्सवर लूपने फक्त-वाचन माउंट केली. डेबियन १३ ला १९८० च्या दशकातली फॅट फाइलसिस्टिम बघून काहीच वाटलं नाही, निमूट उघडली.

आता फायली उघडल्या तर नुसती चिन्हं. एका पत्रिकेचा पहिला बाइट बघितला, पुढचे बघितले, सगळे १२८ च्या वरचे. आयस्की (भारतीय लिप्यांची जुनी संगणकी मांडणी) असणार म्हणून आयसीयू या सॉफ्टवेअरच्या कन्व्हर्टरमधून काढलं, तर देवनागरी आली खरी पण अक्षरं भलतीच.

बिटवाली

जिस्ट कार्ड पीसीवर होतं ना. पीसीच्या वरच्या १२८ जागांमध्ये चौकटी आखायची चिन्हं मध्ये येतात, डॉसचे प्रोग्राम त्यांच्यावरच पडदे रंगवायचे. ती चिन्हं शाबूत राहावीत म्हणून पीसीसाठी आयस्कीची थोडी सरकवलेली मांडणी होती. अक्षरांचा क्रम तोच, जागा वेगळ्या. एक ओळखीचा शब्द घे, त्यावरून किती सरकलंय ते काढ आणि छोटा तक्ता बनव. पत्रिका आहे म्हणतोस, मग पहिली ओळ काय असणार हे तुला मी सांगायला नको.

धंतोलीकर

"॥ श्री गणेशाय नमः ॥" वरूनच निघालं! त्यात क नाही, च नाही, पण श, र, ग, ण, य, न, म एवढी मिळाली, आणि क्रम माहीत असल्याने बाकीची जागेवर बसत गेली. खाली "चि. सौ. कां." आलं तेव्हा काकांनी चष्मा काढून स्क्रीनपाशी येऊन वाचलं, आणि पहिली गोष्ट म्हणाले ती अशी, की "यात मुहूर्ताची वेळ चुकली होती, परत छापून द्यावी लागली."

आता उरलं १५४२. त्याच ४४०बीएक्सवर लावलं तर नेटबीएसडीचा एएचए ड्रायव्हर कार्ड ओळखतो, पण पुढे इंटरप्ट येतच नाही. पोर्ट ३३०, आयआरक्यू ११, डीएमए (मेमरीशी थेट बोलायची वाट) ५, कारखान्यातून आलेलीच मांडणी.

बिटवाली

बायोसमध्ये पीएनपी-पीसीआयच्या पानावर जा. आयआरक्यू ११ तिथे पीसीआयला दिलेला असेल, बहुधा ग्राफिक्स किंवा नेटवर्क कार्ड त्यावर बसलंय. त्याला "लेगसी आयसा" करून राखून ठेव, डीएमए ५ चंही तसंच. या कार्डाला स्वतःहून मेमरीत लिहायचं असतं आणि आयसावरून त्याला पहिले १६ एमबीच दिसतात. ड्रायव्हर ते सांभाळतो, पण आयआरक्यू मिळाल्याशिवाय त्याला काही कळत नाही.

लिनक्सवरच हवं असेल तर १५४२ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये अजून आहे. मात्र तो आयसाचा आधार चालू असलेल्या ३२-बिट कर्नलवरच बांधता येतो. तुझ्या डेबियन १३ ला ३२-बिट कर्नलच मिळत नाही, तेव्हा स्वतः बांधावा लागेल.

सर्किटकाका

आणि स्कझीच्या दोन्ही टोकांले टर्मिनेटर लाव. कार्डावर रेझिस्टर पॅक आहेत का पाय, आणि स्कॅनरच्या मागं एक जाड प्लग असते ते हरवलं नाही ना? बहुतेकांचं तेच हरवते.

धंतोलीकर

आयआरक्यू राखून ठेवला, कार्ड नीट सुरू होतंय. प्लग नाही. माळ्यावर परत चढतो.

पोहे_तर्री

प्लग माझ्याकडे आहे, ५० पिनी, जाडजूड. इतकी वर्षं तो कशाचा हे कळत नव्हतं म्हणून टाकला नव्हता. रविवारी आणून देतो, पोह्यांसकट.